पगारपत्रकावरचे दोनशे रुपये

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या हिशेब विभागात मी बावीस वर्षे पगारपत्रके तयार केली. भविष्य निर्वाह निधी, कामगार राज्य विमा, पतपेढीचा हप्ता अशा कपातींच्या रांगेत ‘व्यवसाय कर’ नावाचा एक रकाना असे. कामगार त्याला ‘पीटी’ म्हणत. अकरा महिने २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. एका मार्चमध्ये एक फिटर खिडकीशी भांडायला आला होता, की या वेळी शंभर रुपये जास्त कसे कापले. वर्षाची रक्कम पुरी करण्यासाठी फेब्रुवारीत शंभर जास्त घ्यावे लागतात, हे गणित मी त्याला कागदावर मांडून दाखवले आणि तो गेला. हे पैसे कशासाठी जातात, हे त्याने विचारले नाही. विचारले असते तर त्या वेळी मलाही सांगता आले नसते.

व्यवसाय कराचा कायदा १९७५ चा. महाराष्ट्र सरकारने तो आणला तो मुख्यतः रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला, आणि या करातून जितकी रक्कम जमेल तितकीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची अशी त्याची रचना होती. ठाण्यामुंबईत दरमहा पगार घेणाऱ्या माणसाने माण, आटपाडी किंवा बीडकडच्या मजुराच्या रोजात आपला वाटा उचलावा, असा हा सरळ हिशेब होता. शहराने खेड्याच्या पडत्या काळासाठी कायमचा कर द्यावा, ही गोष्ट आज कुणी सुचवली तर किती गदारोळ होईल याची कल्पना करून पाहावी. पन्नास वर्षांपूर्वी ती झाली, आणि फारशी खळखळ न होता झाली, कारण १९७२ ताजे होते.

ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला त्यांच्या घरात मिलो आणि सुकडी हे दोन शब्द अजून टिकून आहेत. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी आणि सुकडी म्हणजे दुष्काळी कामांवर मिळणारे कोरडे पौष्टिक पीठ. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. कुणी खडी फोडत होते, कुणी पाझर तलावाची माती वाहत होते, कुणी नालाबांध घालत होते. अशी कामे काढण्याची पद्धत इंग्रजांपासूनची होती, पण तिच्यात दयेपेक्षा कसोटी जास्त होती. मजुरी जेमतेम जीव राहील इतकीच ठेवायची आणि काम जड ठेवायचे, म्हणजे खरा गरजूच येईल, असा तो विचार. १८७७ च्या दुष्काळात मजुरी दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली, तेव्हा मुंबई इलाख्यातल्या भुकेल्या मजुरांनी कामावरून उठून जाऊन त्याचा निषेध केला होता. शिवाय ही कामे सरकारने दुष्काळ जाहीर केला म्हणजे उघडत आणि पाऊस पडला म्हणजे मिटत. माणसाची गरज सरकारी पंचांगाने ठरत असे.

रोजगार हमीने हा क्रम उलटा केला. दुष्काळ जाहीर होण्याची वाट न पाहता, काम मागणाऱ्याच्या अर्जाने काम उघडायचे, आणि काम देता आले नाही तर बेकार भत्ता द्यायचा. ‘मागेल त्याला काम’ या तीन शब्दांत मावणारी ही कल्पना दुष्काळात सुचलेली नव्हती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी तिचा प्रयोग १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूर गावी केला होता. पुढे ते त्याच पदावर असताना दुष्काळ आला, तेव्हा सात वर्षे वापरून पाहिलेली एक गोष्ट सरकारच्या हाताशी होती. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. स्त्रीपुरुषांना समान मजुरी, कामाच्या जागी पिण्याचे पाणी आणि लहान मुलांसाठी पाळणाघर या गोष्टी त्यात आल्या. पाळणाघराचा विचार आपल्याकडे त्याहून जुना आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी कामावर येणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी शिशुगृहे काढली होती. मदतीचे काम काढताना समाजातली एखादी जुनी असमानता त्याच झटक्यात थोडी हलवता येते, हे कोल्हापूरने फार आधी करून दाखवले होते. २००५ मध्ये केंद्राने देशभर ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्याचे मूळ विसापुरात आहे.

हा सगळा इतिहास मी का सांगतो आहे? मंदीत सरकारने लोकांना मदत करावी की नाही, हा वाद मला निरर्थक वाटतो. कोणतेही सरकार करतेच, निवडणूक जवळ असली तर जरा जास्त करते. खरा प्रश्न असा आहे, की त्या मदतीची यादी, तिचा पैसा आणि तिचा कायदा मंदीच्या आधी तयार असतो का, आणि मंदी सरल्यावर त्यातले काय शिल्लक राहते. खेड्यांच्या बाबतीत महाराष्ट्राने या प्रश्नाचे उत्तर देशाआधी दिले. ज्या शहरी माणसाच्या पगारातून त्या उत्तराचा खर्च भागला, त्याच्या शहरासाठी मात्र आजही काही नाही.

आमच्या कारखान्याला टाळे लागले तेव्हा त्यातल्या काहींना स्वेच्छानिवृत्तीची रक्कम मिळाली, काहींना तीही पुरती मिळाली नाही. टर्नर आणि मिलिंग मशीनवरची माणसे दोन-तीन वर्षांत सोसायट्यांच्या फाटकावर निळ्या गणवेशात दिसू लागली. ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि वागळेत ही गोष्ट इतक्या वेळा घडली आहे, की तिला कुणी संकट म्हणत नाही. जागेवर उंच इमारत उभी राहते आणि जुना कामगार त्याच इमारतीत वॉचमन होतो. त्याला दुष्काळग्रस्त म्हणून गणणारा कलेक्टर नाही, कारण शहरात दुष्काळ जाहीर करण्याची पद्धतच नाही.

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि पुढचे सहा-सात आठवडे माजिवड्याच्या पुलाखालून नाशिककडे चालत जाणारी माणसे आम्ही गॅलरीतून पाहिली. डोक्यावर बोचकी, एका हातात मूल, दुसऱ्या हातात प्लास्टिकचा रंगाचा डबा, त्यात पाणी. खारेगाव, भिवंडीचे वळण, कसारा, आणि पुढे हजार-दीड हजार किलोमीटर. आमच्या सोसायटीने केळी आणि पाण्याच्या बाटल्या वाटल्या, त्याचे फोटोही काढले. ही माणसे ठाणे सोडून का चालली होती, याचे कारण विषाणूच्या भीतीपेक्षा साधे होते: त्यांचे रेशनकार्ड गावाला होते, घरभाडे इथे होते आणि रोजंदारी बंद झाली होती. गावाला निदान रोजगार हमीचे काम मागता येत होते. त्या वर्षी ग्रामीण रोजगार हमीच्या मूळ ६१,५०० कोटींच्या तरतुदीत केंद्राने ४०,००० कोटींची भर घातली, आणि देशभरात ७ कोटींहून अधिक कुटुंबांनी तिच्यावर काम केले. शहर सोडून खेड्याकडे धावलेल्या माणसाला खेड्याच्या कायद्याने सांभाळले. शहराकडे त्याच्यासाठी पाच रुपयांची शिवभोजन थाळी होती. थाळी चांगलीच होती, तिची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही, पण ती एका जेवणाची सोय होती.

पुढच्या वर्षी १३ एप्रिल २०२१ रोजी राज्य सरकारने दुसऱ्या लाटेतील निर्बंधांबरोबर ५,४७६ कोटींची मदत जाहीर केली. नोंदणीकृत बांधकाम कामगार, नोंदणीकृत घरेलू कामगार, परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत फेरीवाले, यांना प्रत्येकी १,५०० रुपये. हिशेबनिसाच्या सवयीने मी ती यादी दोनदा वाचली, आणि लक्षात आले, की प्रत्येक नावाच्या आधी एक विशेषण आहे. ठाणे स्थानकाबाहेर रिक्षा चालवणाऱ्यांतले कितीतरी जण शिफ्टवर चालवतात: परवाना शेठचा, गाडी शेठची, दिवसाचे भाडे ठरलेले, उरेल ते चालवणाऱ्याचे. आमच्या इमारतीत राहणाऱ्या एकाच्या नावावर दोन परवाने आहेत आणि त्याने स्वतः रिक्षाचे हँडल कित्येक वर्षांत धरलेले नाही. रात्रपाळीला त्याची गाडी चालवणाऱ्याचे नाव कुठल्याही सरकारी कागदावर नव्हते. घरकाम करणाऱ्या बायकांचे तेच. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा असूनही आमच्या मजल्यावर चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईंनी त्या मंडळाचे नाव पहिल्यांदा ऐकले ते या घोषणेच्या बातमीत. सरकारची देण्याची इच्छा नव्हती असे नाही. कुणाला द्यायचे, हे लिहिलेली वही नव्हती.

आता जरा दूर जाऊ. १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि १९३३ च्या सुरुवातीला अमेरिकेत दर चार कामकऱ्यांमागे एक जण बेकार होता. त्या मार्चमध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष झाले. मदतकार्याची जबाबदारी त्यांनी हॅरी हॉपकिन्स या समाजकार्यातून आलेल्या माणसावर सोपवली, आणि पहिल्या दोन तासांत त्याने राज्यांना ५० लाख डॉलरहून अधिक रक्कम वाटली असे सांगितले जाते. त्याची घाई मला आवडते, पण त्याहून त्याची एक नावड महत्त्वाची वाटते. रोख मदत मागणाऱ्या घरात तपासनीस जाऊन कपाटात काय आहे, कोणते सामान विकता येईल हे पाहत असत, आणि हे हॉपकिन्सला माणसाची मान खाली घालायला लावणारे वाटे. म्हणून नोव्हेंबर १९३३ मध्ये त्याने थेट मजुरीवर कामे काढली. जानेवारीच्या मध्यापर्यंत ४० लाखांहून अधिक माणसे रस्ते, शाळा, खेळाची मैदाने अशा कामांवर होती आणि त्यांतल्या सुमारे निम्म्यांना गरिबीचा कसलाही दाखला मागितलेला नव्हता. आपल्याकडे प्रत्येक योजनेच्या दारात तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला उभा असतो. तो काढण्यात रोजंदारीचे दोन खाडे पडतात, हे ज्याने एकदा काढला त्याला माहीत आहे.

ही कामे १९३४ च्या मार्चअखेर बंद झाली. खर्च फार होतो आणि सरकारी कामावर जगणारा एक कायमचा वर्ग तयार होईल, ही भीती खुद्द रूझवेल्टना होती. पुढे १९३५ ते १९४३ या काळात तीच कल्पना मोठ्या प्रमाणावर परतली आणि तिने सुमारे ८५ लाख माणसांना कधी ना कधी काम दिले. पण या सगळ्याने मंदी संपली असे मानणे बरोबर नाही. १९३७ मध्ये सरकारने हात आखडता घेताच बेकारी पुन्हा उसळली, आणि ती खऱ्या अर्थाने हटली युद्धाच्या कारखान्यांनी. रूझवेल्टचे भक्त ही गोष्ट सांगत नाहीत आणि विरोधक एवढीच सांगतात. माझ्या दृष्टीने त्या दशकाचे मोल बेकारीच्या आलेखात शोधायचे नाही. मंदीनंतर काय उरले यात शोधायचे आहे. बँकेतल्या ठेवींचा विमा, वृद्धांचे निवृत्तिवेतन, बेकारी विमा, १९३८ चा किमान वेतनाचा आणि बालमजुरीला लगाम घालणारा कायदा, या गोष्टी उरल्या. त्या उरल्या कारण मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स यांनी पद स्वीकारण्यापूर्वीच या मागण्यांची यादी रूझवेल्ट यांच्यासमोर ठेवली होती. १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या एका शिवण-कारखान्याला आग लागून १४६ जण मेले, ते पर्किन्सबाईंनी समोर उभे राहून पाहिले होते. यादी तेव्हापासून बनत होती, मंदीने तिला फक्त दार उघडून दिले. विसापूर आणि ही यादी मला एकाच जातीच्या गोष्टी वाटतात.

(ठेव विम्याबद्दल जाता जाता. आपल्याकडे तो १९६२ पासून आहे, पण १९९३ पासून त्याची मर्यादा एक लाखावर अडकून होती. २०१९ मध्ये एका मोठ्या सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि आयुष्याची पुंजी अडकलेले ठेवीदार रस्त्यावर आले, तेव्हा पुढच्या फेब्रुवारीत ती मर्यादा पाच लाख झाली. सत्तावीस वर्षे जे पटत नव्हते ते चार-पाच महिन्यांत पटले.)

अमेरिकेच्या त्या यादीत एक मोठे भोक होते. १४ ऑगस्ट १९३५ ला सही झालेल्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. वर्गणी वसूल करणे अवघड, हे कारण दिले गेले; दक्षिणेतल्या मळेवाल्यांच्या प्रतिनिधींना ते कारण अगदी सोयीचे होते, कारण दक्षिणेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय याच दोन कामांत होते. ही चूक सुधारायला १९५० आणि १९५४ च्या दुरुस्त्या याव्या लागल्या. पीक कमी करून भाव चढवण्यासाठी जमीनमालकांना जे पैसे दिले गेले त्यांनी तर कित्येक कुळांना जमिनीवरून उठवले. मदतीचा पैसा मालकाच्या हातून खाली जाईल, असे धरून चालले की तो मालकाच्या हातातच राहतो. ठाण्यातला शिफ्टवरचा रिक्षावाला आणि मिसिसिपीतले कापसाच्या शेतातले कूळ यांची या एका बाबतीत तक्रार एकच आहे.

त्याच मंदीच्या काळात इथल्या खाडीच्या पलीकडे काय चालले होते, ते नवी मुंबईतल्या आगरी घरांत आजही सांगितले जाते. भाताचे भाव पडले होते आणि खोताचा, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराचा, वाटा मात्र उतरत नव्हता. अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ च्या ऑक्टोबरमध्ये शेतकऱ्यांनी संप पुकारला. आसपासची सुमारे २५ गावे त्यात आली आणि १९३९ पर्यंत त्यांनी खोतांची जमीन कसली नाही. स्वतःचेच पोट मारून केलेला संप सहा वर्षे चालतो, तेव्हा त्यामागे काय असेल याचा विचार करावा. लाकूडफाटा विकून, मोलमजुरी करून माणसे राहिली. डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १९३९ च्या कायद्याने कुळाला कूळ म्हणून ओळख मिळाली, त्यापुढे १९४८ चा कायदा, आणि १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक झाला. परकीय सरकारने मंदीत इथल्या शेतकऱ्याला फारसे काही दिले नव्हते. जे मिळाले ते लोकांनी अडवून, अडून बसून मिळवले. त्याच कुळांच्या मुलांची जमीन पुढे १९७० नंतर नव्या शहरासाठी ९५ गावांतून गेली, ही दैवाची थट्टा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

शहरी मजुराची वही तयार होऊ शकत नाही, तो आज इथे उद्या तिथे, त्याचा मालक कोण हेच सांगता येत नाही, असे अधिकारी सांगतात तेव्हा त्यांना मी वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात पहाटे घेऊन जाईन. ट्रक लागतो, टोळी येते, पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन एकेक जण गाळ्यात शिरतो. या हमालाचा मालक कोण? ट्रकवाला, अडत्या, की खरेदीदार? १९६९ पूर्वी हेच विचारून त्याला वाऱ्यावर सोडले जात होते. कामगार नेते अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून त्या वर्षी माथाडी कायदा आला आणि त्याने या प्रश्नाला बगल दिली. मालक कोणीही असो, त्याने मंडळाकडे नोंदणी करायची, मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही, म्हणजे वरची वर्गणी, भरायची. हमालाचीही नोंद मंडळाकडे. मजुरी मंडळ देणार, आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, दवाखाना. दिवसभरात पाच व्यापाऱ्यांचा माल उतरवणाऱ्या माणसाला पन्नास वर्षांपूर्वी निवृत्तीची रक्कम मिळू लागली ती या रचनेमुळे. कोपरखैरणे-घणसोलीतल्या माथाडी वसाहती त्याच रचनेची फळे आहेत.

या व्यवस्थेला कीड लागली नाही असे मी म्हणत नाही. माथाडीच्या नावाखाली काम न करता वाराई (माल उतरवण्याचे पैसे) मागणाऱ्या बोगस टोळ्यांच्या तक्रारी उद्योजक करतात आणि त्यांत तथ्य आहे. पण बोगस टोळीचा इलाज पोलिसांकडे आहे, कायदा मोडीत काढण्यात नाही. उलट चौकात उभे राहून रोजचे काम शोधणारे नाका कामगार, घरकामगार, शिफ्टवरचे चालक आणि गाडीवरून पार्सल पोहोचवणारी पोरे यांच्यासाठी हाच साचा पुढे न्यायला हवा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू केली आणि तिच्यात ३० कोटींहून अधिक नावे आली. नावे आली, पण त्या नावामागे लेव्ही नाही आणि पुढे हक्क नाही. माथाडी मंडळाची वही आणि ही वही यांत फरक तेवढाच आहे आणि तोच सगळा आहे. नोंदीतून काही मिळत नसेल तर ती अद्ययावत कोण ठेवील?

उलट, हक्क असून तो कुणाला माहीत नाही, अशीही एक गंमत आपल्याकडे आहे. कामगार राज्य विम्याच्या कक्षेतल्या माणसाची नोकरी गेली तर काही काळ वेतनाचा ठराविक भाग देणारी योजना २०१८ पासून आहे, आणि टाळेबंदीनंतर तो भाग २५ टक्क्यांवरून ५० टक्के, ९० दिवसांपर्यंत, असा वाढवला गेला. म्हणजे बेकारी विमा, लहान प्रमाणात का होईना, आपल्याकडे आहे. मी हिशेब विभागात उभे आयुष्य काढले आणि त्या योजनेबद्दल मला एका जुन्या सहकाऱ्याने फोनवर सांगितले तेव्हा कळले. रबाळ्यातल्या कंत्राटी पोरांना कळले असेल याची शक्यता किती?

शहरी रोजगार हमी नवी कल्पनाही नाही. केरळने तिथले समाजसुधारक अय्यंकाली यांच्या नावाने ती दीड दशकापूर्वी सुरू केली, हिमाचलने २०२० मध्ये आणि राजस्थानने २०२२ मध्ये. ज्या राज्यात रोजगार हमी जन्मली ते राज्य या रांगेत नाही, याची मला खंत वाटते आणि थोडी लाजही. आपल्या राज्याला रोख देणे जमते. २०२४ च्या जुलैपासून लाडक्या बहिणींना महिन्याला १,५०० रुपये मिळतात आणि त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात त्यासाठी ४६,००० कोटींचा वार्षिक आकडा सांगितला गेला. ते पैसे घरात बाईच्या हाती पडतात, याचे मोल मी कमी लेखत नाही. पण नोकरी गेलेल्या माणसाला त्या आठवड्यात दार ठोठावता येईल असे ठिकाण त्यातून निर्माण होत नाही.

आक्षेप येतील. पहिला, लोक आळशी होतील. दिवसभर घमेले वाहून किमान वेतन घेणारा माणूस आळशी कसा, हे मला कुणीतरी समजावून सांगावे. दुसरा, खड्डे खणा आणि बुजवा अशी कामे होतील. होऊ शकतात, आणि अमेरिकेतही तशी टीका झाली होती. पण त्याच कामांतून तिथे सुमारे १० लाख किलोमीटर रस्ते बांधले किंवा दुरुस्त झाले, आणि बायकांसाठी शिवणशाळा, ग्रंथालये, शाळांतली जेवणे हीही त्यातच होती. ठाण्यात कामाला तोटा नाही. तलावांचे काठ, खाडीकिनाऱ्याच्या कांदळवनातले प्लास्टिक, महापालिकेच्या शाळांतली पाळणाघरे, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची देखभाल. फक्त एक कुंपण घालावे लागेल: जी कामे आज कायम किंवा कंत्राटी सफाई कामगार करतात ती या योजनेत घालू नयेत, नाहीतर महापालिका हमीच्या मजुरांना पुढे करून आपले कायमचे कामगार कमी करील. हा धोका मला आळसाच्या आक्षेपापेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि इथे मी माझ्या रकान्याकडे परत येतो. व्यवसाय कराची वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा राज्यघटनेच्या २७६ व्या कलमात आहे आणि ती १९८८ पासून हललेली नाही. १९८८ मध्ये अडीच हजार ही चांगली रक्कम होती. महिना वीस हजार मिळवणारा मदतनीस आणि दोन लाख मिळवणारा व्यवस्थापक यांच्या पगारपत्रकावर मी तेच २०० रुपये लिहीत असे. घटनादुरुस्ती करून ही मर्यादा वाढवावी, वरच्या पगारांना वरचा दर लावावा आणि वाढीव रक्कम शहरी हमीसाठी बांधून ठेवावी. ज्यांच्यासाठी सोसायटीने बाटल्या वाटल्या त्यांच्यासाठी महिन्याला आणखी चारशे रुपये द्यायला आमच्यासारख्यांची ना नसावी. असेल, तर ती उघडपणे सांगावी.

कार्यालय कुठे असावे हेही सुचवतो. ठाण्यात नऊ प्रभाग समित्या आहेत, नवी मुंबईत आठ विभाग कार्यालये. प्रत्येक ठिकाणी एक खिडकी, एक वही, अर्ज एका पानाचा, पंधरा दिवसांत काम नाहीतर भत्ता. वेळेचे मात्र आधी ठरवावे लागेल. माझ्या घराजवळचा नाका सकाळी साडेसातला भरतो. बायका घमेली उलटी करून त्यांच्यावर बसतात, रंगारी ब्रश पिशवीतून अर्धे बाहेर ठेवून उभे राहतात म्हणजे लांबून कळावे. मुकादम येतात, बोटाने मोजून माणसे टेम्पोत चढवतात. नऊनंतर कुणी येत नाही. राहिलेले थोडा वेळ थांबतात, चहा वाटून पितात आणि साडेनऊच्या सुमारास पांगतात. सरकारी कार्यालय पावणेदहाला उघडते.